अर्धं गाव सुरतेला

"आदरणीय बाई,
मी जळगाव जिल्ह्यातल्या तापीकाठच्या एका गावी हायस्कूलला इतिहास शिकवतो. नोकरीचं सहावं वर्ष. यंदा मुख्याध्यापकांनी नववीसाठी 'जगाच्या इतिहासातील नागरीकरण' असा जादा घटक घ्यायला सांगितला आणि आठ तास दिले. वर्गात साठ मुलं, प्रोजेक्टर बंद. मी नोट्स काढल्या: अर्थ, कारणे, परिणाम, उपाय. दोन तासांत फळ्यावर लिहून दिल्या, चाचणी घेतली, तर साठच्या साठ पेपरांत तीच सहा कारणं त्याच क्रमानं. एकाही मुलानं एकाही शहराचं नाव लिहिलं नाही. त्याच दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, 'सर, आमचं अर्धं गाव सुरतेला आहे. मग आमचं गाव शहर का नाही?' वर्ग हसला. मी म्हणालो, 'ते स्थलांतर झालं, तो वेगळा घटक आहे, बस खाली.' तो बसला. पण माझ्या डोक्यातून तो प्रश्न जात नाही. उरलेल्या सहा तासांत मी काय करू?"

प्रिय सर,

तुमचं पत्र आलं त्या दिवशीच उत्तर लिहायला बसले होते, पण त्या मुलाच्या प्रश्नाशी अडले. तीस वर्षं इतिहास शिकवला, पण नागरीकरणावरचा इतका नेमका प्रश्न वर्गात मला कुणी विचारला नाही. तेव्हा सुरुवात त्याच्यापासून करते.

स्थलांतर हा वेगळा घटक नाही, सर. आपण शिक्षक सोयीसाठी तसे कप्पे पाडतो. माणसं एका जागेवरून उठली, दुसरीकडे गेली, तिथं राहिली, आणि मागच्या जागेला पैसे, निरोप, आजारपणं, लग्नाच्या तारखा पाठवत राहिली, म्हणून शहरं झाली. इमारती नंतर आल्या. तुमच्या त्या विद्यार्थ्याला हे घरातूनच माहीत आहे. उद्या वर्गात गेलात की सगळ्यांसमोर त्याला सांगा, की तुझा प्रश्न बरोबर होता, मी घाईत उत्तर दिलं, आणि आता आपण सगळे मिळून त्याचं उत्तर शोधणार आहोत. ज्या वर्गासमोर तो हसण्यावारी गेला, त्याच वर्गासमोर हे व्हायला हवं.

आता तासांचं. चार मथळ्यांच्या नोट्स बाजूला ठेवा. जगातल्या सगळ्या संस्कृतींची सगळी शहरं घ्यायचा मोहही टाळा, सहा तासांत यादीशिवाय हाती काही लागणार नाही. चारच शहरं घ्या, आणि प्रत्येक शहराला तेच दोन प्रश्न विचारा. या शहराला आज जेवायला कोण घालतं? आणि इथं आलेला माणूस काय सोडून आला, त्याला काय मिळालं? साठ पोरांच्या वर्गात दोन प्रश्न शेवटपर्यंत टिकतात, सहा कारणं टिकत नाहीत.

पहिल्या तासाला प्रोजेक्टर नाही म्हणून अडू नका, तुमच्याकडे साठ मुलं आहेत. अख्खा वर्ग म्हणजे सगळं जग असं समजा. सन १८०० मध्ये जगातली शंभरातली जेमतेम तीन माणसं शहरांत राहत होती. म्हणजे तुमच्या वर्गातली दोन मुलं उभी करा. नुसती दोन. मग १९५० म्हणा, अठरा उभी राहतील. २००७ च्या सुमाराला संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीनुसार निम्मं जग शहरात आलं, तेव्हा तीस. आता वर्ग म्हणजे इंग्लंड आणि वेल्स असं सांगा. तिथं तीस जण १८५१ च्या जनगणनेतच उभे राहिले होते, जगाच्या दीडशे वर्षं आधी. भारत म्हणा: १९०१ ला सहा-सात, २०११ ला एकोणीस. महाराष्ट्र म्हणा: २०११ ला सत्तावीस. मी हे करायचे तेव्हा दर वेळी कुणीतरी विचारायचं, "बाई, इंग्लंडमध्येच आधी का?" हा प्रश्न मुलांकडून येऊ द्या. नाही आला तर थोडं थांबा, येतो.

मग लगेच इंग्लंडला जाऊ नका. आधी पाच हजार वर्षं मागं, दक्षिण इराकमधल्या उरुकला. जगातल्या अगदी पहिल्या मोठ्या शहरांपैकी हे एक. तिथल्या मंदिरांची आणि राजांची वर्णनं सोडून द्या. तिथं उत्खननात ढिगांनी सापडणारी एक ओबडधोबड मातीची वाटी आहे, तेवढीच घ्या. साच्यात दाबून केलेली, काठ तिरका कापलेला, नक्षी नाही, रंग नाही, सगळ्या साधारण एका मापाच्या. बऱ्याच अभ्यासकांचं मत असं, की कामकऱ्यांना रोजचा शिधा, जव किंवा जवाची भाकरी, मोजून देण्यासाठी त्या असाव्यात. आणि तिथल्या सगळ्यात जुन्या लिखाणात 'खाणं' किंवा 'शिधा' याची खूण कशी काढत, तर माणसाचं डोकं आणि त्याच्या तोंडापाशी तशीच एक वाटी. ती खूण फळ्यावर काढा, मुलं लगेच ओळखतील. त्या पहिल्या मातीच्या पाट्यांवर गोष्टी किंवा कविता नाहीत, जव किती आला, बिअर किती दिली, मेंढ्या किती, असा हिशेब आहे. जे स्वतः पिकवत नाहीत अशा हजारो माणसांना रोज जेवायला घालायचं तर मोजावं लागतं, लिहून ठेवावं लागतं. मुलांना सांगा, आपण वहीत लिहितो त्याची एक सुरुवात शिध्याच्या त्या हिशेबात आहे. तुमच्या गावात रेशन दुकान असेल, तिथलं वजनमाप सगळ्यांनी पाहिलेलं असतं. उरुक समजायला तेवढं पुरतं.

हडप्पा का नाही, असं मुख्याध्यापक विचारतील. हडप्पा-मोहेंजोदडो मुलांनी खालच्या वर्गात केलेलं असतं, गटारं आणि स्नानगृह त्यांना पाठ असतात. उरुकच्या वाटीनंतर पाच मिनिटं घेऊन एवढंच विचारा, की मोहेंजोदडोतल्या माणसांच्या ताटात काय होतं आणि ते कोण पिकवत होतं. पाठ केलेलं शहर त्यांना नव्यानं दिसेल.

रोमलाही एकच फेरी मारा. दहा लाखांच्या आसपास वस्ती, धान्य इजिप्त आणि उत्तर आफ्रिकेतून जहाजांनी यायचं, आणि स्पेन-आफ्रिकेहून आलेल्या तेलाच्या रिकाम्या रांजणांच्या खापरांची एक टेकडीच शहरात उभी राहिली. साधारण ३५ मीटर उंच, आजही आहे. पुढं साम्राज्य मोडलं, धान्य यायचं थांबलं, आणि सहाव्या शतकापर्यंत त्या दहा लाखांतले लाखभरही उरले नाहीत. शहरं वाढतच जातात असं मुलांनी धरून चालू नये, म्हणून एवढं सांगायचं.

आता मँचेस्टर. इथं दोन पूर्ण तास द्या, कारण हे शहर तुमच्या मुलांच्या शेतातून जातं.

वेचणीचे दिवस असतील तर कापसाचं एक बोंड वर्गात न्या. नाहीतर मुलांनाच आणायला सांगा, साठ येतील. प्रत्येकानं सरकी काढायची आणि बोटांनी पीळ देऊन वीतभर सूत काढायचं. किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. मग सांगा, की हे काम करणारी यंत्रं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या लँकेशायर भागात आली. तिथली हवा दमट, सूत कमी तुटतं, जवळ कोळसा, जवळ लिव्हरपूलचं बंदर. १८०१ मध्ये मँचेस्टरची वस्ती ७५ हजारांच्या घरात होती. १८५१ मध्ये तीन लाखांवर गेली. आणि गंमत बघा, १८३२ पर्यंत एवढ्या मोठ्या गावाला पार्लमेंटात स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता. १८१९ साली मताचा हक्क मागायला साठेक हजार माणसं तिथल्या सेंट पीटर्स मैदानावर जमली तेव्हा त्यांच्यावर घोडेस्वार घातले. नागरिकशास्त्रही तुम्हीच शिकवत असाल, तर तिथं हे जोडून घ्या.

मुलांना त्यांच्याच वयाची मुलं दाखवा. १८३३ च्या कारखाना कायद्यानं कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली, आणि तेरा ते अठरा वयाच्यांना दिवसाला जास्तीत जास्त बारा तास असं ठरवून दिलं. तुमच्या नववीतलं पोर तिथं असतं, तर बारा तास यंत्रापाशी उभं असतं आणि तेही कायद्याच्या संरक्षणात. घड्याळ परवडत नव्हतं, म्हणून पहाटे लांब काठीनं खिडक्या ठोकत जाणारी माणसं होती, आठवड्याला थोडे पैसे घेऊन उठवायची. मुलांना विचारा, तुमच्या घरी पहाटे कोण आणि कशानं उठतं. शेतातली वेळ आणि भोंग्याची वेळ यातला फरक ती स्वतःच सांगतील.

मग हा तक्ता फळ्यावर लिहा. एडविन चॅडविक नावाच्या अधिकाऱ्यानं १८४२ मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यावर अहवाल दिला, त्यातला. मृत्यूच्या वेळचं सरासरी वय. मँचेस्टर: सुशिक्षित व श्रीमंत ३८, व्यापारी २०, मजूर १७. रटलंड, जो शेतीचा भाग होता: ३८ च्या जागी ५२, २० च्या जागी ४१, १७ च्या जागी ३८. बस. काही समजावून सांगू नका. दहा मिनिटं शांत बसा आणि मुलांना तक्ता वाचू द्या.

पहिल्यांदा ती म्हणतील, "सतराव्या वर्षी मजूर मरायचे?" तेव्हा गणिताच्या सरांची मदत घ्या. दहा जणांत सहा मुलं पाच वर्षांच्या आतच गेली, तर सरासरी किती खाली येते ते वहीवर करून बघू द्या. मँचेस्टरच्या मजुरांच्या घरी निम्म्याहून जास्त मुलं पाचव्या वर्षाच्या आत जात होती. या एका बेरीज-भागाकारानं मुलांना जे कळतं, ते 'परिणाम: आरोग्याचे प्रश्न' या ओळीनं कळत नाही. आणि मग कुणाच्या तरी नजरेस येतं, की खेड्यातला मजूर मँचेस्टरच्या श्रीमंताइतका जगत होता. ३८ आणि ३८. माझ्या वर्गात हे एका मुलीनं पाहिलं होतं, आणि पाठोपाठ तिनंच विचारलं, "मग लोक तिकडं का गेले?"

तुमच्या सहा कारणांची वेळ आता येते, सर. आता ती कारणं उत्तरं होतात. जमीनदारांनी कुंपणं घातल्यानं गावाच्या सामाईक जमिनी गेल्या होत्या. घरच्या मागावर विणणाऱ्याचा धंदा यंत्रमागानं बसवला होता. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं पीक कुजलं आणि माणसं उपाशी मरत होती. गिरणीत मजुरी रोख होती आणि दर आठवड्याला होती. जाणारा माणूस वेडा नव्हता, त्यानं समोर जे दोन रस्ते होते त्यातला एक निवडला. तुमच्या गावातून सुरतेला गेलेल्या बापांनीही निवडलाच आहे.

आणि कापूस कुठला? मँचेस्टरचा तीन-चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेतून यायचा, गुलामांनी वेचलेला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेची बंदरं अडवली गेली, आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडल्या. हजारो घरं भुकेली. तरीही १८६२ च्या ३१ डिसेंबरला मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेऊन लिंकनला पत्र पाठवलं, की गुलामगिरीविरुद्ध आम्ही तुमच्या बाजूनं आहोत. लिंकननं जानेवारीत उत्तर दिलं. हा प्रसंग सांगताना माझा आवाज दर वर्षी जड व्हायचा.

तेव्हा कापसासाठी लँकेशायर वळलं ते हिंदुस्थानकडे, म्हणजे खानदेश-वऱ्हाडाकडेसुद्धा. मुंबईत पैशांचा पूर आला. १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे सुरू झालेली रेल्वे १८६० च्या दशकात घाट चढून कापसाच्या मुलखात पोचली. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या, आणि इकडं वाढत्या भावाच्या भरवशावर कर्ज काढलेला शेतकरी सावकाराच्या वहीत अडकला. नकाशावर एक दोरा लावा: तुमचं गाव, मुंबई, लिव्हरपूल, मँचेस्टर. दुसरा दोरा अमेरिकेच्या दक्षिणेकडून लिव्हरपूलला. मुलं जे बोंड हातात घेऊन बसली आहेत, ते या दोऱ्याचं टोक आहे.

चौथा तास लंडनच्या एका हातपंपाचा. सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटवर, १८५४ च्या ऑगस्टअखेर पटकी, म्हणजे कॉलरा, आली आणि दहा दिवसांत पाचशेवर माणसं गेली. रोग दूषित हवेतून येतो असं बहुतेक डॉक्टर मानत. जॉन स्नो या डॉक्टरनं घराघरांत चौकशी केली आणि मृत्यू नकाशावर मांडले. मी एका कागदावर ढोबळ गल्ल्या आखायची, आणि मुलींकडून लाल टिकल्यांची पाकिटं घ्यायची. एक टिकली म्हणजे एक माणूस. गटागटानं मी घरं वाचून दाखवायची, ती टिकल्या लावायची, आणि पंपाभोवती लाल दाटायला लागलं की वर्ग आपोआप गप्प व्हायचा. मग कोडी: जवळच्या पोलंड स्ट्रीटवरच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात पाचशेवर माणसं, पण मृत्यू फक्त पाच, कसं? त्यांची स्वतःची विहीर होती. शेजारच्या दारूभट्टीत एकही गेला नाही, कसं? तिथले कामगार बिअर प्यायचे आणि त्यांचीही विहीर वेगळी. लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा मात्र गेली. तिला या पंपाच्या पाण्याची चव आवडायची, ती रोज बाटली मागवायची. मुलांना ही कोडी स्वतः सोडवू द्या. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला. तोवर अर्धी वस्ती पळून गेल्यानं साथ ओसरायला लागलीच होती, हेही प्रामाणिकपणे सांगा, स्नोनंही ते मान्य केलं होतं. पुढं तिथल्या पाद्र्याच्या चौकशीत निघालं, की एका आजारी तान्ह्या बाळाचे लंगोट धुतलेलं पाणी विहिरीलगतच्या शौचखड्ड्यात गेलं होतं. त्या तासानंतर एक मुलगी उरलेल्या टिकल्या परत द्यायला आली आणि म्हणाली, "बाई, या आता कुणी लावायच्या नाहीत." ते पाकीट माझ्याकडे अजून आहे.

वेळ उरला तर याला जोडून एडोचं सांगा, म्हणजे आजचं टोकियो. अठराव्या शतकात तिथं दहा लाखांच्या आसपास माणसं राहत. त्यांचा मैला आसपासचे शेतकरी खतासाठी पैसे किंवा भाजीपाला देऊन विकत नेत. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीनं लंडनच्या पार्लमेंटात बसवेना, तेव्हा कुठं बॅझलजेट या अभियंत्याच्या भुयारी गटारांना हिरवा कंदील मिळाला. शहराला जेवायला घालणारं गाव शहराकडून काय परत घेतं, हा प्रश्न मुलांनी कुठल्याच पुस्तकात पाहिलेला नसतो.

इथं एक सावधगिरी. एवढं सगळं ऐकल्यावर मुलं निबंधात लिहितात: शहर वाईट, खेडं चांगलं, हिरवी शेतं, शुद्ध हवा. ते तसंच सोडू नका. तुमच्या वर्गात गावकुसाबाहेरच्या वस्तीतून येणारी मुलं असतील, त्यांना हे खोटं आहे हे माहीत असतं आणि ती गप्प बसतात. मध्ययुगातल्या जर्मन मुलखात रिवाज होता, की जमीनदाराचा कूळ पळून शहरात आला आणि तिथं एक वर्ष एक दिवस राहिला, तर तो मोकळा. आपल्याकडे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याविषयी काय सांगितलं, त्याचा सारांश वाचून दाखवा: संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं घर. ते स्वतः परळच्या चाळीत राहिले. पण शहरानं जात पुसली असंही सांगू नका. मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि इतर कामगारांना ते चालत नसे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा लावून धरला. एका धाग्यात गाव शहरापर्यंत कसं आलं, ते मुलांना यातून कळतं. बायकांचंही सांगा. गावाहून एकट्या आलेल्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळी बायका चालवत होत्या, पहिल्या प्रश्नाचं उत्तर गिरणगावात त्या होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं.

आता सुरत, शेवटचे दोन तास. तुमच्या मुलांना सुरत एकाच प्रसंगातून माहीत असते, महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांतून. तिथूनच विचारा, की महाराज सुरतेवरच का गेले? कारण ती मुघल साम्राज्याची तिजोरी होती. मक्केला जाणारी जहाजं तिथून सुटत, इंग्रजांची वखार १६१३ पासून तिथं, आणि बुऱ्हाणपूरचं कापड तापीच्या खोऱ्यातून, म्हणजे तुमच्या मुलखातून, सुरतेला जाई. मग तापी गाळानं भरली, कंपनीनं १६८७ मध्ये आपलं मुख्य ठाणं मुंबईला हलवलं, आणि मुंबई वाढत गेली तशी सुरत रोडावली. पुढं जरीकाम, कृत्रिम धाग्याचं कापड, हिऱ्यांना पैलू पाडणं, यावर ती पुन्हा उठली. २०११ ला ४४ लाखांवर वस्ती. त्यात लिंबायत, उधना, डिंडोली भागात आपले खानदेशी. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या बातमीनं काही दिवसांत लाखो माणसं सुरत सोडून निघाली. तुमच्या गावात तेव्हा परत आलेली माणसं आजही असतील. त्यानंतर महापालिकेनं शहर असं साफ केलं, की देशातल्या स्वच्छ शहरांत त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं. लंडनला पटकीनं जे करायला लावलं, ते सुरतेला प्लेगनं.

आणि आता त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर वर्गानं काढायचं. जनगणनेची व्याख्या फळ्यावर लिहा. नगरपालिका असेल तर ते शहर. नसेल तर तीन अटी: वस्ती किमान पाच हजार, दर चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसं, आणि कामकरी पुरुषांपैकी किमान पंचाहत्तर टक्के शेतीबाहेरच्या कामात. आपलं गाव यात बसतं का, ग्रामपंचायतीतून आकडे आणून मुलांनी तपासावं. "पुरुषांपैकीच का?" असं एखादी मुलगी विचारेल. नाही विचारलं तर तुम्ही विचारा. आणि सुरतेत राबणारा माणूस ज्याचं रेशन कार्ड, मत आणि आई गावात आहे, तो कुठला मोजायचा? याचं ठरलेलं उत्तर माझ्याकडे नाही, तुम्हीही देऊ नका. वर्गात दोन तट पडले तर पडू द्या.

त्या मुलाला मात्र घरची गोष्ट सगळ्यांसमोर सांगायला लावू नका. मी एकदा ही चूक केली. ऊसतोडीला जाणाऱ्या घरच्या एका मुलीला मी वर्गापुढं उभं केलं, "तुझा अनुभव सांग" म्हणून. ती दोन वाक्यं बोलली आणि पुढचे चार दिवस शाळेत आली नाही. प्रश्नावली सगळ्यांना सारखी द्या, नाव न घालता लिहू द्या, आणि ज्याला सांगायचं तो सांगेल. दुकानदाराच्या आणि शिक्षकाच्या पोरानंही लिहायचं, त्यांचेही आजोबा कुठून तरी आलेलेच असतात.

चाचणीला एकच प्रश्न ठेवा: चॅडविकचा तक्ता छापा आणि खाली लिहा, "तुम्ही १८४२ मधले रटलंडचे शेतमजूर आहात. मँचेस्टरला जाल का? का?" साठ पेपरांत एक उत्तर यायचं नाही.

एक शेवटचं, वेळापत्रकाचं. मुख्याध्यापकांना आठही तास दिवाळीआधी संपवायचे असतील, पण शेवटचा तास सुट्टीनंतर मागून घ्या. दिवाळीला सुरतेची माणसं गावी येतात. मुलांना सुट्टीत विचारायला तीनच प्रश्न द्या: सुरतेला पहिल्यांदा कशानं गेलात, पहिली रात्र कुठं झोपलात, आणि पहिलं जेवण कुणी दिलं.

तुमची,
बाई